टोपणातलं बोलणं

धाकटीने नवा कीबोर्ड आणला तेव्हा घरात कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते किंमत कळल्यावर.

"सोन्याचा आहे का?" म्हणत जाऊबाईंनी तो उचलला आणि लगेच खाली ठेवला. वजन त्यांच्या अंदाजाबाहेरचं निघालं. "अगंबाई! हा टायपिंगसाठी आहे की दार अडवायला?"

"मेकॅनिकल आहे, ताई. प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग असते."

"आणि आधीच्यात?"

"रबर."

"मग रबराने काय घोडं मारलं होतं?"

धाकटीचा नवरा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "अक्षरं तीच उमटणार ना? महागड्या बटणातून काय निराळा 'क' बाहेर पडणार आहे?"

खरं म्हणजे महाग वस्तू शेवटी स्वस्त पडते, हे पटवून द्यायलाच या घराण्याचा जन्म होता. त्यांचा कारखाना पाण्याच्या पंपांचा. गिऱ्हाईक 'बाजारात याच्या निम्म्या किमतीत मिळतो' म्हणालं की सासरे त्याला खुर्चीत बसवून बेअरिंग, ओतकाम आणि पुढच्या वीस वर्षांचं आयुष्य समजावून सांगत. दोन्ही मुलगेही तेच व्याख्यान तोंडपाठ देत. फक्त कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडलं की त्यातल्या एका अक्षरावर कुणाचा विश्वास नसे.

धाकटीने कीबोर्ड स्वतःच्या कमाईतून घेतला होता. टीव्हीवरच्या मालिकांमध्ये पात्रं जे बोलतात ते पडद्याखाली अक्षरांत उमटवण्याचं काम ती घरबसल्या करायची. लग्न होऊन आली तेव्हा सासरच्यांना हे काम म्हणजे नुसतं मालिका बघणं वाटलं होतं. पुढे बाबांचे, म्हणजे सासऱ्यांचे, कान गेले, आणि त्याच कामाला घरात एकदम भाव आला.

बाबांचं उभं आयुष्य पंपांच्या चाचणीच्या शेडमध्ये गेलं. तिथे जमिनीत खोल टाकी, तिच्यावर ओळीने पंप, आणि शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येणार नाही असा घरघराट. कान हळूहळू उणे होत गेले आणि एका तापात उरलेसुरलेही गेले. डॉक्टरांनी कानात घालायची यंत्रं दिली. ती घातली की सगळं जग एकाच वेळी आपल्याशी भांडतंय असं बाबांना वाटे, म्हणून ती ड्रॉवरमध्ये गेली. बाबा मात्र रोज सकाळी शेडमध्ये जातच राहिले. चालू पंपाच्या अंगावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे आणि 'हा हवा खातोय' किंवा 'याचं बेअरिंग जायला आलंय' असं सांगायचं, एवढंच त्यांचं काम उरलं होतं आणि ते त्यांना पुरत होतं.

दर सोमवारी कारखान्याची बैठक वरच्या मजल्यावर बाबांच्या घरी, जेवणाच्या टेबलाशी भरे; मुलांची बिऱ्हाडं खालच्या मजल्यावर. टेबल कारखान्यातल्याच जाड फळ्यांचं, बाबांनी करून घेतलेलं. एका टोकाला बाबा. दुसऱ्या टोकाला टीव्हीचा मोठा पडदा. मधे दोन्ही बाजूंना मुलगे, आणि गेल्या वर्षापासून एक सल्लागार. पडद्याजवळ धाकटी. कुणी काही बोललं की ती ते टाइप करी, अक्षरं पडद्यावर येत, बाबा वाचत आणि खणखणीत आवाजात उत्तर देत. पडदा लांब असल्यामुळे बाबांचा चष्मा त्याच्यावर खिळलेला असे. बाजूला बसलेल्यांची तोंडं त्यांना दिसत नसत, आणि बघायचं कारणही नसे.

टोपणाची सुरुवात अगदी निरुपद्रवी होती. बाबांच्या जुन्या कोटावर मोठे भाऊजी, म्हणजे थोरले दीर, काहीतरी गमतीचं बोलले. धाकटीची बोटं निघालेली बघून ते घाईने म्हणाले, "हे नको, हे नको." हातातल्या पेनला तेव्हा त्यांनी टोपण घातलं. पुढच्या खेपेला नुसतं टोपणच घातलं आणि धाकटीला समजलं. टोपण घातलं की टायपिंग बंद, टोपण काढलं की चालू. बाबांची साखर, बाबांचा हट्ट, बाबांनी जुन्या व्यापाऱ्याला दिलेली सवलत असं बरंच काही टोपणात गेलं. घरात त्याला नावच पडलं, 'टोपणातलं बोलणं'. वर्षभरात ते बाहेरच्या बोलण्यापेक्षा लांब झालं.

टोपण घातलेलं असताना धाकटीचे हात मांडीवर जात. पण कानांवर पडलेलं बोटांतून बाहेर काढायची इतक्या वर्षांची सवय. ती बोटं गप्प बसत नसत. गुडघ्यावर ती सगळं टाइप करत. त्या घरातलं टोपणातलं एकूण एक वाक्य कधी ना कधी तिच्या गुडघ्यावर उमटलेलं होतं. उठताना ती गुडघे झटकायची, आणि का झटकतेय हे तिला सांगता आलं नसतं.

बाबांना या सगळ्याचा काय पत्ता? पडद्यावर नवी ओळ येत नाही म्हणजे कुणी बोलत नाही, एवढं त्यांचं सरळ गणित. तिष्ठत बसत बिचारे. एकदा एक जुने व्यापारी घरी आले तर त्यांना कौतुकाने सांगायला लागले, "आमची मुलं आधी तोंडाला येईल ते बोलायची. आता बघा तुम्ही, एकेका मुद्द्यावर किती वेळ गप्प बसून विचार करतात! कान गेल्याचं मला वाईट वाटत नाही. माझ्यामुळे मुलांना विचार करायची सवय लागली."

धाकटी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती तशीच मागे फिरली. चहा गार झाला म्हणून परत नेला, गरम केला, पुन्हा आणला. पुन्हा गार वाटला.

त्याच आठवड्यात तिने कीबोर्ड घेतला. का, असं विचारल्यावर ती म्हणायची, जुन्यावर घाईत अक्षरं गळतात, बोटं दुखतात. दोन्ही खरं होतं. बाकी तिने कशाचाही विचार केला नव्हता. तिला नुसतं वाटत होतं की हातांखाली काहीतरी ठाम असावं.

नव्या कीबोर्डच्या पहिल्या सोमवारी मोठे भाऊजी बोलू लागले आणि धाकटीची बोटं पडली. टक टक टकाटक. जाड फळ्यांचं टेबल ढोलकीसारखं बोलायला लागलं. सल्लागाराच्या कपातला चमचा किणकिणला.

"हे काय?" मोठे भाऊजी म्हणाले. पडद्यावर आलं, 'हे काय?'

बाबांनी ते वाचलं. त्यांनी चहाचा कप बाजूला सारला आणि उजवा तळहात टेबलावर पालथा ठेवला. बोटं पसरली. जरा वेळ तसाच राहू दिला. मग पंपाबद्दल बोलायच्या सुरात म्हणाले, "चालू झाला."

बैठक पुढे सरकली. मोठे भाऊजी शेडच्या विषयाकडे वळले आणि त्यांनी टोपण घातलं. धाकटीचे हात मांडीवर गेले. टकटक थांबली.

चालता पंप अचानक बंद पडला की बाबा शेडच्या दुसऱ्या टोकाला असले तरी वळून बघत. तसेच ते आता वळले. पडदा सोडून थेट मुलाकडे. मोठ्या भाऊजींचं तोंड 'शेड' या शब्दावर उघडं होतं.

"काय?" बाबा म्हणाले.

मोठ्या भाऊजींनी तोंड मिटलं, टोपण काढलं. "काही नाही."

धाकटीने इमानेइतबारे टाइप केलं, 'काही नाही.'

"मग तोंड कशाला उघडलंस?"

"जांभई आली."

'जांभई आली.'

त्या बैठकीत मोठ्या भाऊजींना आणखी तीन जांभया आल्या, धाकटीच्या नवऱ्याला ठसका लागला आणि सल्लागाराला एकाएकी छत बघावंसं वाटलं. टकटक थांबली रे थांबली की बाबांची मान वळे. टोपणात कुणाला धड एक वाक्य पुरं करता येईना.

सगळे गेल्यावर धाकटी वायर गुंडाळत होती. बाबा अजून खुर्चीतच होते.

"सूनबाई, एक विचारू?"

तिने मान हलवली.

"मुलं विचार करतात तेव्हा त्यांची तोंडं हलतात का गं?"

उत्तर द्यायचं तर टाइपच करायला हवं होतं. तिने वायर पुन्हा जोडली. बोटं बटणांवर ठेवली. मग लिहिलं, 'चहा ठेवते.' आणि उठून गेली. स्वयंपाकघरात गॅस पेटवला, विझवला, पुन्हा पेटवला. चहा मघाशीच झाला होता.

टोपणात काय चाललं होतं, ते तिला पुरतं माहीत होतं. सल्लागाराचं म्हणणं असं की पंप आता स्वतः बनवायचे नाहीत. बाहेरून तयार आणायचे, आपलं नाव चिकटवायचं आणि विकायचे. मग चाचणीची शेड कशाला हवी? टाकी फोडायची, खड्डा भरायचा, तिथे गोदाम करायचं. बाबांना सांगायचं, पण झाल्यावर. "आधी सांगितलं तर भावनिक खर्च वाढतो," सल्लागार म्हणाला होता. दोन्ही मुलांना ते पटलं होतं. मुलं दुष्ट नव्हती. बाबांशी वाद घालण्यापेक्षा त्यांना फसवणं माणुसकीचं आहे, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

आणि या सगळ्याच्या आड एक कीबोर्ड आला होता.

कीबोर्ड महाग आहे या मुद्द्याला आता धार चढली. सल्लागाराने 'व्यत्यय' हा शब्द वापरला. मोठे भाऊजी म्हणाले, डोकं दुखतं. जाऊबाईंना शेडशी कर्तव्य नव्हतं, त्यांचा राग निखळ किमतीवर होता. त्या म्हणाल्या, "त्यात आमच्या पडद्यांचं कापड झालं असतं."

नवरा सकाळी बूट घालता घालता म्हणाला, "दुकानवाले अजून परत घेतील. देऊन टाक."

"बोटं दुखतात."

"तुझी बोटं दुखतात म्हणून कारखान्याचं भविष्य अडवून धरायचं का?"

"कीबोर्डने अडतं इतकं हलकं आहे का ते?"

"हे बघ, तू शब्दांत पकडू नकोस."

"माझं कामच ते आहे."

त्याने एक बूट घातला, दुसरा हातात धरून बसून राहिला. "अगं, बाबांना त्रास होऊ नये म्हणूनच चाललंय सगळं. तुला काय वाटतं, मला बरं वाटतं?"

"मग सांगून टाक ना."

"दादा सांगेल."

"कधी?"

"झाल्यावर." आणि तो एकच बूट घालून फोन शोधायला आत गेला.

पुढच्या सोमवारी जाऊबाईंनी जाड नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, तुकडा आणला आणि मोठ्या मायेने कीबोर्डखाली अंथरला. "टेबलावर ओरखडे पडतात गं." टकटक मऊ झाली. बाबांनी तळहात ठेवला, कपाळाला आठ्या घातल्या, तळहात उचलून पुन्हा ठेवला. मग उठले, टेबलाला वळसा घालून आले, आणि पंपाच्या तोंडात अडकलेली चिंधी ओढावी तसा तो तुकडा ओढून काढला. परत जाऊन तो आपल्या कपाखाली ठेवला.

"हं," ते बसत म्हणाले. "आता बोला."

त्या दिवशी टोपण कुणी घातलंच नाही. बैठक अर्ध्या वेळात संपली.

शेवटी तोडगा सल्लागारानेच काढला. जिन्यात धाकटीला गाठून त्याने एक कागद दिला. "मॅडम, टोपण घातलं तरी तुम्ही थांबायचं नाही. हा मजकूर टाइप करत राहायचं. मागच्या तिमाहीचा आढावा आहे. त्यांना वाचायला मिळेल, हातालाही लागेल. आमचं बोलणं आम्ही करू. कुणाचंच नुकसान नाही."

"आणि हा संपला तर?"

"संपणार नाही," सल्लागार अभिमानाने म्हणाला. "मी लिहिलाय."

ती नाही म्हणाली नाही. नंतर कितीदा तरी तिने स्वतःला विचारलं, तेव्हाच का नाही म्हणाली? तेव्हा सल्लागार दोन पायऱ्या खाली उतरला होता, नवरा वरून बघत होता, आणि हातात कागद होता. एवढंच.

त्या सोमवारी सकाळपासून तिचं कशात लक्ष लागत नव्हतं. आधी मालिकेचा भाग संपवायचा होता. त्यात एक म्हातारी मुलांसमोर उभी राहून रडत होती, आणि नटी रडण्यात इतकी रमली होती की धाकटीला एकेक वाक्य चारचारदा ऐकून टाइप करावं लागलं. ते आटपून ती तशीच बैठकीला बसली.

मोठ्या भाऊजींनी सुरुवातीलाच टोपण घातलं. धाकटीने कागद मांडला आणि टाइप करायला लागली. 'मागील तिमाहीत मागणीचा कल संमिश्र स्वरूपाचा राहिला.' टक टक टक. बाबांचा तळहात टेबलावर, डोळे पडद्यावर. मान वळली नाही. सल्लागाराने समाधानाने पाठ टेकली.

"गुरुवारी माणसं येतायत," मोठे भाऊजी म्हणाले. "सकाळी टाकी फोडायला घेतील."

"आणि बाबा?" नवरा म्हणाला. "ते सकाळीच जातात तिकडे."

"गुरुवारी त्यांचे डोळे तपासून घेऊ. डॉक्टरांची वेळ घेतलीय मी. तू घेऊन जा. डोळ्यांत थेंब घालतात, मग दिवसभर नीट दिसत नाही. परत येईपर्यंत आटोपलेलं असेल."

'वितरणसाखळीतील घटकांनी सकारात्मक प्रतिसाद दिला,' धाकटी टाइप करत होती. कान एकीकडे, डोळे कागदावर, बोटं तिसरीकडेच. डोळे तपासायला! कान गेलेल्या माणसाचे डोळे दिवसभरासाठी बंद करायचे. आणि तेही काळजी म्हणून. तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. 'एकंदरीत चित्र आशादायक असून,' टक टक, आणि कागद संपला.

मोठे भाऊजी संपले नव्हते. मजुरांचं, ट्रकचं, खड्ड्यात भरायच्या मुरुमाचं चाललं होतं. थांबता येत नव्हतं. थांबलं की मान वळणार. बोटांना काहीतरी हवं होतं, आणि बोटांनी जे तयार होतं ते उचललं. सकाळचं.

बाबा वाचत होते. वाचता वाचता त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"हे कोण म्हणालं?"

सगळ्यांनी पडद्याकडे बघितलं. तिथे लिहिलं होतं, 'या घरात आता माझी गरज उरली नाही, एवढं तोंडावर सांगा ना एकदा.'

सल्लागाराने आपला कागद आठवून पाहिला असावा. त्याच्या चेहऱ्यावरून हे वाक्य त्यात नसावं.

"कुणी नाही!" मोठे भाऊजी म्हणाले.

'कुणी नाही,' पडद्यावर आलं.

"असं कसं? कुणीतरी म्हणालंच." बाबांनी मोठ्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. धाकट्याचा चेहरा उतरलेला होता. त्याला कारण वेगळं होतं. पण बाबांना ते कुठून कळणार? "तू म्हणालास का रे?"

नवऱ्याने मान खाली घातली.

"मला वाटलंच होतं," बाबा म्हणाले. आवाज खाली आणायचा त्यांनी प्रयत्न केला, पण किती खाली आला हे त्यांना कळत नव्हतं. शब्द खोलीभर घुमले. "सगळं दादाच ठरवतो, तू आपला बसून असतोस. बघतो ना मी. पण गरज नाही असं कोण म्हणालं तुला? वेडा आहेस का? माझ्याबरोबर शेडमध्ये येत जा. हात कसा ठेवायचा ते मी दाखवतो. पुस्तकात नाही ते. दादाला लहानपणी दाखवलं, तुझ्या वेळी राहूनच गेलं. चूक माझी." त्यांनी जरा विचार केला. "गुरुवारी ये. गुरुवारी मोठा पंप लावायचाय टाकीवर."

 नवरा टेबलाच्या फळीतली एक भेग नखाने कोरत होता.

धाकटीने कागद उलटा केला. आणि टाइप करायला लागली. 'गुरुवारी सकाळी टाकी फोडायला माणसं येणार आहेत. शेड बंद करायची ठरली आहे. तुम्ही तिथे असू नये म्हणून तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहेत. मघाचं वाक्य मालिकेतलं होतं.'

"धाकटी!" मोठे भाऊजी ओरडले. "टोपण!"

'धाकटी! टोपण!'

"अगं, हे काय टाइप करतेयस?"

'अगं, हे काय टाइप करतेयस?'

"मॅडम, हा विषय आजच्या पत्रिकेवर नाही," सल्लागार म्हणाला. तेही आलं. "हेही लिहिलं?" तेही. मोठ्या भाऊजींनी पेन उंच धरून टोपणावर बोट आपटलं. त्याला शब्द नव्हते, म्हणून तेवढं राहिलं.

स्वयंपाकघराच्या दारात जाऊबाई येऊन उभ्या राहिल्या. "काय झालं? कोण ओरडलं?" धाकटीने तेही सोडलं नाही.

बाबा वाचत होते. वरपासून खालपर्यंत वाचलं, आणि पुन्हा वर गेले. तळहात टेबलावरच होता. मग त्यांनी मोठ्या मुलाच्या हातातल्या पेनकडे पाहिलं. टोपण, मुलाचं तोंड, धाकटीची बोटं, पुन्हा टोपण. घाई नव्हती. पंप उघडून एकेक भाग फडक्यावर मांडताना ते असेच बघत.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

कुणी उत्तर दिलं नाही. बाबा पडद्याकडे बघत राहिले. धाकटीने वाट पाहिली, आणि मग लिहिलं, 'कुणी बोलत नाही.'

बाबांनी मान डोलावली. "म्हणजे आता खरंच विचार चाललाय."

त्यांनी हात पुढे केला. मोठ्या भाऊजींनी पेन दिलं. लहानपणी खिशातली गोटी काढून द्यावी तसं. बाबांनी टोपण काढलं, पेन परत केलं आणि टोपण सदऱ्याच्या खिशात टाकलं.

"बोला."

आणि मग ते बोलले. बोलले म्हणजे भांडले. शेड का परवडत नाही हे मोठ्या भाऊजींनी सांगितलं आणि त्यातलं बरंचसं खरं होतं. बाबांनी दिलेली कारणं बरीचशी जुनी होती आणि एक तर साफ चुकीचं होतं. ते त्यांनी सगळ्यात मोठ्याने सांगितलं. धाकटीला धड श्वास घ्यायला फुरसत नव्हती. सगळे तिच्या वेगाने बोलू लागले, कारण आधीच्याचं म्हणणं पडद्यावर पुरं होईपर्यंत बाबा हात वर करून पुढच्याला थांबवत. त्यामुळे त्या घरात पहिल्यांदाच एकमेकांची वाक्यं शेवटपर्यंत ऐकली गेली. शेडचा निर्णय झाला नाही. गुरुवारच्या माणसांना फोन करून येऊ नका म्हणून सांगायचं, एवढंच ठरलं, आणि तेवढ्यासाठीही मोठ्या भाऊजींनी फोन असा दाबला की त्याला बटणं असती तर मोडली असती.

सल्लागार सर्वांत आधी उठला. त्याचं 'येतो' सुद्धा पडद्यावर राहिलं.

 नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं नव्हतं. आपण बरं केलं की घर मोडलं, हे तिला ठरवता येत नव्हतं. घरी गेल्यावर तो बोलेल का, की तिथेही आता कुणी टोपण घालणार? तिने एक बटण उगाच दाबलं, पुसलं.

नवरा उठला, खुर्ची सरकवली, आणि दाराशी जाऊन थांबला. "गुरुवारी मी येतोय असं धरून चालू नका," तो भिंतीला म्हणाला.

धाकटीने टाइप केलं. शब्दाला शब्द.

बाबांनी वाचलं. "मी सातला निघतो," ते म्हणाले.

नवरा जिना उतरला. बाबांनी खालच्या दाराचा हादरा पायांना लागेपर्यंत वाट पाहिली. मग ते धाकटीकडे वळले आणि तिच्या हातांखालच्या वस्तूकडे बोट दाखवलं.

"केवढ्याला पडला हा?"

तिला वाटलं होतं, निदान हा प्रश्न आता संपला. तिने आकडा टाइप केला.

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. आकडा बदलला नव्हता. "एवढ्याला?"

"मी पहिल्या दिवसापासून तेच म्हणतेय!" जाऊबाई आतून म्हणाल्या. धाकटीने तेही पडद्यावर टाकलं.

"तिचं बरोबर आहे," बाबा म्हणाले. "फार महाग आहे." त्यांनी टेबलावरचा हात उचलला, तळहाताकडे बघितलं आणि पुन्हा तिथेच ठेवला. "आणखी एक आणून ठेव. राखीव पंप घ्यायला लावल्याशिवाय मी कुणाला चालू पंप विकला नाही कधी. हा बंद पडला तर काय करायचं?"